लाल दोऱ्यापर्यंत पाणी

देओलिंदा फुर्तादो आयुष्यात दोनच ठिकाणी गुडघे टेकायची. रविवारी चर्चमधल्या वेदीपुढे आणि शनिवारी तळघरातल्या बॉयलरपुढे. वेदीपुढे ती डोळे मिटायची, बॉयलरपुढे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. हिवाळ्यात वाफेनं सगळं घर ऊबदार ठेवणाऱ्या त्या बॉयलरच्या अंगाला वीतभर काचेची उभी नळी होती आणि आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसायचं. नळीच्या मध्यावर एक लाल दोरा बांधलेला होता. तो दोरा ती पडदे शिवायची त्या कारखान्यातल्या रिळाचा. बांधला होता तिच्या नवऱ्यानं, हर्मिनियोनं. पाणी दोऱ्यापाशी असलं की अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावाच्या चढावरचं ते तीन मजली लाकडी घर सुखानं श्वास घ्यायचं. पाणी फार खाली गेलं की बॉयलर स्वतःच ज्योत विझवून बसायचा आणि तिन्ही मजले गारठायचे. फार वर गेलं तर वाफेच्या पाइपांत पाणी शिरून भिंतीमागे कुणी घण घालतंय असा दणदणाट व्हायचा. थोडक्यात, माणसाच्या रक्तदाबासारखंच ते प्रकरण होतं.

हे सगळं तिला उपजत येत नव्हतं. पोर्तुगालच्या साऊ मिगेल बेटावरून ती १९६९ मध्ये इकडे आली तेव्हा बॉयलर हा शब्दही तिला ठाऊक नव्हता. तिनं पडदे शिवले, हर्मिनियोनं रंगाच्या गिरणीत हात निळे करून घेतले आणि दोघांनी मिळून हे घर केलं. मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हर्मिनियोनं तळघरात दुसरं स्वयंपाकघर बांधलं. आमच्या लोकांची ही रीतच आहे. वरचं स्वयंपाकघर पुसून-घासून पाहुण्यांना दाखवायचं आणि खालच्यात राबायचं, तळायचं, जेवायचं. त्यानं मातीच्या जमिनीवर सिमेंट ओतलं, वर फरश्या बसवल्या आणि कोपऱ्यात निळ्या हायड्रेंजियाच्या फुलांच्या चार फरश्या लावल्या. त्या त्यानं बेटावरून शर्टांत गुंडाळून आणल्या होत्या. देओलिंदा त्या फरश्यांवर पाय ठेवायची नाही, वळसा घालून जायची.

हर्मिनियो पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात गेला. जानेवारीत एका सकाळी घर बर्फासारखं थंड पडलं. तेलाच्या कंपनीचा माणूस आला, रेमंड तिबो नावाचा. त्यानं एक चावी फिरवली, नळीत पाणी चढलं, ज्योत भडकली. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

"तहान लागली होती त्याला, बाई," तिबो हसत म्हणाला आणि पेटी उचलून जिन्याकडे निघाला.

देओलिंदा जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली. "मला शिकवल्याशिवाय जायचं नाही."

"अहो, मला अजून सहा घरं आहेत."

"मग लवकर शिकवा."

तिबोनं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, दर शनिवारी खालच्या नळातून बादलीभर पाणी काढायचं, गंजाचा गाळ जाऊन ते निवळ येईपर्यंत. दुसरी, नळी बघायची ती ज्योत विझून थोडा वेळ गेल्यावरच. ज्योत चालू असताना अर्धं पाणी वाफ होऊन वर गेलेलं असतं, ते गार होऊन परत यायला वेळ लागतो. घाई करून भर घातली की मग परतलेलं पाणी डोक्यावर बसतं. आणि तिसरी गोष्ट सांगताना तो थांबला. "जुनं पाणी बॉयलरला मानवतं, बाई. ताजं पाणी लोखंडाला खातं. वरचेवर घालावं लागलं तर समजा, पाणी कुठेतरी जातंय. मग पाणी घालत बसू नका. कुठे जातंय ते शोधा."

तिनं तिन्ही गोष्टी गाठीला बांधल्या. शनिवारच्या बादलीची भर सोडून जेव्हा जेव्हा पाणी घालावं लागेल तेव्हा तेव्हा बेकरीच्या कॅलेंडरवर निळं वर्तुळ काढायची. वर्तुळं दीड-दोन महिन्यांतून एखादं. घर नीट चाललं होतं.

एकदाच घोटाळा झाला, तो दुसऱ्या मजल्यावरच्या बेल्मिरोमुळे. बेल्मिरो हर्मिनियोचा जिवलग दोस्त आणि देओलिंदाच्या मुलीचा, नतालियाचा धर्मपिता. त्या नात्यानं दोघं एकमेकांना कोम्पाद्रे आणि कोमाद्रे म्हणायची आणि त्याच नात्यानं एकमेकांची सालटीही काढायची. भाचीच्या लग्नाला जाताना देओलिंदानं बॉयलर त्याच्यावर सोपवला. त्यानं ज्योत चालू असताना नळी बघितली, पाणी खाली दिसलं, आणि पाहुण्याचा पेला भरावा तशी काठोकाठ भरली. संध्याकाळी तिन्ही मजल्यांवरचे वाफेवर तापणारे रेडिएटर पिचकाऱ्या मारायला लागले.

"चाळीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केले म्हणता ना?" देओलिंदा परत आल्यावर म्हणाली. "मग तिथले लोक उघडेच हिंडत असतील."

"अर्धी नळी मला बघवेना, कोमाद्रे. माझ्या घरात असं कुणाला अर्धं देत नाहीत."

हे सगळं मजेचं होतं. मग मजा संपली.

शहाण्णव साल उजाडायच्या तीन हिवाळे आधीपासून कॅलेंडरवर वर्तुळं वाढू लागली. महिन्यातून एक, मग पंधरवड्यातून एक, मग आठवड्यातून दोन. देओलिंदानं सगळे पाइप हातानं चाचपून पाहिले, सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. कागद कोरडाच राहिला. तिनं नतालियाला सांगितलं, आणि इथेच तिचं चुकलं. नतालिया प्रॉव्हिडन्सजवळ नव्या घरात राहायची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे विकत आणता येईल असा इलाज असायचा. तिनं नाताळात एक पेटी बसवून घेतली. बॉयलरमधलं पाणी उतरलं की ती पेटी आपोआप भर घालायची.

"आता तुला जिना उतरायला नको, आई. सत्तरी आली तुझी."

"एकोणसत्तर."

"तेच ते."

पेटी बसल्यापासून नळीतलं पाणी दोऱ्यावरून हलेना. सगळे खूश झाले, देओलिंदा सोडून. ती शनिवारी गुडघे टेकून बसायची आणि त्या स्थिर पाण्याकडे संशयानं बघायची. जे कधीच उतरत नाही ते पाणी खोटं बोलतं, असं तिचं मत झालं. मार्चअखेर तिनं पेटीची चावी कुणाला न विचारता बंद केली. सकाळी पाणी दोऱ्याच्या दोन बोटं खाली होतं. म्हणजे हिवाळाभर आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि ताजं पाणी तिच्या बॉयलरचं लोखंड चाटत बसलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी तिबो आला. आता त्याचेही केस पिकले होते. त्यानं टॉर्च मारला, चिमणीचा धूर बघितला, वाफेचं गार झालेलं पाणी आणणारा परतीचा पाइप एका भिंतीतून आत जातो आणि दुसऱ्या भिंतीपाशी बॉयलरला येऊन मिळतो ती दोन्ही टोकं बघितली आणि मान हलवली. "तडा गेलाय, बाई. आतून, वरच्या बाजूला. तापला की उघडतो आणि वाफ चिमणीतून जाते. पस्तीस वर्षांचा झालाय बिचारा. पुढच्या मंगळवारी कंपनीच्या साहेबांचा कागद घेऊन येतो आणि बंद करून टाकतो. असा चालू ठेवणं बरं नाही."

नतालिया तिथेच उभी होती. तिनं या क्षणाची वाट पाहिली नव्हती असं मी म्हणणार नाही.

"नवा बॉयलर या जुन्या घरात बसवायचा, मग उद्या छप्पर, परवा जिना. आई, आता पुरे. घर विकू. माझ्याकडे खालची खोली रिकामीच आहे. एक माणूस घर बघायला तयारही आहे."

देओलिंदानं बेल्मिरोकडे पाहिलं. तो जिन्यापाशी टोपी हातात धरून उभा होता. घर विकलं तर तो कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तिला वाटलं, आपल्या छातीतूनच कुणीतरी चावी फिरवून पाणी सोडून दिलंय. पण ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचं डोकं चांगलं चालायचं.

"बॉयलर मेला असेल तर येईन तुझ्याकडे," ती म्हणाली. "शब्द दिला. पण मेलाय की नाही ते मंगळवारी ठरेल. आज नाही."

"अगं, तिबो सांगतोय ना!"

"तिबोनंच मला शिकवलंय, पाणी कुठे जातंय ते शोधा म्हणून. त्यानं शोधलं नाही, अंदाज केला."

तिबोनं ओशाळून टॉर्च खिशात घातला. तो गेला.

बुधवारी ऊन चांगलं होतं. देओलिंदानं सकाळीच ज्योत बंद केली, पेटीची चावी घट्ट आवळली आणि पाणी परत येईपर्यंत थांबली. मग नळीवर पाण्याच्या रेघेला काळा दोरा बांधला आणि खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसली. दोन माळा संपल्या तेव्हा पाणी काळ्या दोऱ्याखाली अर्धं बोट गेलं होतं. बॉयलर गार. तापल्यावरच उघडणारा तडा गार बॉयलरमधून पाणी कसा नेईल? तिनं तोंड बघायचा आरसा आणि टॉर्च घेऊन भट्टीचं पोट तपासलं. आत ठणठणीत कोरडं होतं, काजळीवर ओघळाची एक रेघसुद्धा नव्हती.

"वाफ नाही जात," ती वर येऊन बेल्मिरोला म्हणाली. "पाणीच जातंय. खालून कुठूनतरी."

"कुठून?" बेल्मिरोनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खोकत आपल्या खोलीत गेला. तिला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

तिनं ज्योत पुन्हा लावली. गुरुवार आणि शुक्रवार असेच गेले. तिनं भिंती ठोकल्या, कान लावले, अंगणातलं गवत चाचपलं. काही हाती लागलं नाही. मंगळवार जवळ येत होता.

शनिवारी सकाळी तिनं ईस्टरच्या गोड पावाचं पीठ मळलं. अठरा अंडी, लोणी, लिंबाची साल. मोठ्या परातीत गोळा ठेवला, हाताच्या कडेनं त्यावर क्रूस उमटवला, "देव तुला वाढवो" म्हणाली आणि हर्मिनियोच्या जुन्या कोटात परात गुंडाळली. आमच्याकडे पीठ घरच्या पुरुषाच्या कपड्यात झोपवतात. मग परात नेहमीच्या जागी ठेवली, तळघराच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या निळ्या फरश्यांच्या शेजारी. पूर्वी ती वर, शेगडीजवळ ठेवायची. पण अलीकडे तिला कळलं होतं की या कोपऱ्यात पीठ निम्म्या वेळात फुगतं. बायकांना ती कौतुकानं सांगायची, "माझ्या नवऱ्याच्या हाताला गुण होता, त्यानं घातलेली जमीनसुद्धा पीठ फुगवते."

दोन तासांनी ती अंडी रंगवून परत आली तर पीठ परातीबाहेर सांडलं होतं. कोटाच्या बाह्या चिकट झाल्या होत्या, एक लोळ फरशीवर आला होता. ती पुटपुटत खाली वाकली, पीठ गोळा करायला हात टेकला आणि तसाच ठेवला.

फरशी ऊन होती.

तिनं दुसरा हात हातभर अंतरावर टेकला. गार. पुन्हा कोपऱ्यात. ऊन, तापातल्या पोराच्या कपाळाइतकी. देओलिंदा पिठाच्या हातांनी तिथेच बसली आणि मोजू लागली. या कोपऱ्यात पीठ लवकर फुगायला लागलं त्याला किती ईस्टर झाले? हा चौथा. आणि कॅलेंडरवरची वर्तुळं कधी वाढली? त्याच हिवाळ्यापासून.

"बेल्मिरो!" ती ओरडली. कोम्पाद्रेसुद्धा म्हणाली नाही.

तो दाढीला साबण तसाच ठेवून खाली आला. तिनं त्याचा हात धरून फरशीवर दाबला. त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"याच्याखाली काय आहे?"

"जमीन."

"कोम्पाद्रे, मी शेवटचं विचारतेय."

बेल्मिरो खुर्चीत बसला. "परतीचा पाइप. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मातीतून. सिमेंट ओतलं त्या दिवशी तू कारखान्यात होतीस. हर्मिनियो म्हणत होता, वर लाकडी झाकण ठेवू, कधी बघायचा झाला तर. मीच म्हणालो, ओत रे सिमेंट, नातवाच्या काळापर्यंत बघायला नको. वाइन झाली होती दोघांची." त्यानं मान खाली घातली. "तू बुधवारी 'खालून' म्हणालीस तेव्हाच आठवलं मला. पण या फरश्या फोडायच्या, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

देओलिंदाला त्याला चार शब्द ऐकवायचे होते. पण तिची नजर त्या चार निळ्या फरश्यांवर गेली. बावीस वर्षं तिनं त्यांना वळसा घातला होता. हर्मिनियोचं या घरात जे काही उरलं होतं त्यातलं सगळ्यात सुंदर तेच होतं.

मग तिनं पिठाची परात टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "घण आणा."

"उद्या ईस्टर आहे, कोमाद्रे! आजच्या दिवशी कुणी जमीन फोडतं?"

"उद्या येशूचं थडगं उघडायचंच आहे. आपण एक दिवस आधी उघडू."

तिनं छिन्नीनं कडा सोडवत तीन निळ्या फरश्या अखंड काढल्या. चौथी मधोमध तडकली. ती तुकडे हातात घेऊन क्षणभर उभी राहिली, ते ॲप्रनच्या खिशात ठेवले आणि पहिला घाव तिनंच घातला. मग बेल्मिरो, मग ती, मग पुन्हा बेल्मिरो. दोघांचं मिळून वय एकशे पंचेचाळीस. हर्मिनियोनं सिमेंट जेमतेम तीन बोटं जाड घातलं होतं. "कंजूष होता," बेल्मिरो धापा टाकत म्हणाला. "शहाणा होता," ती म्हणाली. खाली काळी ओली माती लागली आणि तिच्यातून कोमट, गंजकट वास आला. तिनं हातानं चिखल उपसला. पाइप दिसला. बोट लावलं तर दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्याचा पापुद्रा निघून आला आणि भोकातून पाणी शांतपणे मातीत जाताना दिसलं.

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले तर तोंडभर चिखल झाला.

तिनं बॉयलर बंद केला आणि मंगळवारपर्यंत तसाच ठेवला. ईस्टरचं जेवण तळघरात शेगडीभोवती कोट घालून झालं. सांडलेल्या पिठाचे पाव जरा पसरट झाले होते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू जोडप्यासकट सगळ्यांनी ते संपवले. मंगळवारी तिबो साहेबांचा कागद घेऊन आला आणि खड्ड्याच्या काठावर थबकला. त्यानं टोपी काढली.

"मी दोन्ही टोकं बघितली, फुर्तादोबाई. मधलं विचारलं नाही."

"आता तरी विचाराल. चहा घेता?"

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पाइप बदलला. वर सिमेंट ओतायला तिनं साफ नकार दिला. बेल्मिरोनं जाड फळ्यांचं झाकण केलं, बिजागऱ्यांचं. पेटीची चावी तिनं कायमची बंद केली.

नतालियाला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "किती दिवस टिकेल ते बघू." तिचा स्वभाव वाईट नव्हता. आई एकटी जिन्यावरून पडेल या भीतीनं तिला रात्रीची झोप नसायची, आणि त्या भीतीला तिनं व्यवहार असं नाव दिलं होतं.

त्या वर्षी पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट चिठ्ठीनं देओलिंदाच्या घरी यायचा होता, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. मुकुट ज्या घरी, तिथे आठवडाभर रोज संध्याकाळी सगळी आळी जपमाळेला जमते आणि सगळ्यांना गोड पाव द्यावा लागतो. आदल्या दिवशी नतालिया मदतीला आली. तिच्या पर्समध्ये घर बघायला येणाऱ्या माणसाचा नंबर अजून होता. आई पीठ मळत होती, तेवढ्यात नतालिया स्वतः जाऊन बॉयलरपुढे वाकली.

"आई! पाणी उतरलंय! चांगलं दोन बोटं!" तिचा हात चावीकडे गेला.

"हात लावू नकोस." देओलिंदा पिठाचे हात वर धरून आली. "ज्योत चालू आहे. बस खाली."

"अगं पण..."

"बस म्हटलं ना."

नतालिया भारी कापडाच्या स्कर्टसकट गुडघ्यांवर बसली. शेजारी आई बसली. थोड्या वेळानं ज्योत विझली. घर शांत झालं. वर कुठेतरी लोखंड आकसताना टिकटिक वाजलं. भिंतींमधून, तीन मजल्यांवरून, वाफेचं पाणी होऊन ते हळूहळू खाली येत होतं, नव्या पाइपातून, झाकणाखालून. नळीतली रेघ हलली. थांबली. पुन्हा हलली. नतालियानं श्वास रोखून धरला होता. लहानपणी बाबा असंच तिला शेजारी बसवायचे, हे तिला एकदम आठवलं. रेघ चढत चढत लाल दोऱ्याला टेकली आणि तिथेच राहिली.

"आलं," नतालिया म्हणाली. "सगळं परत आलं."

"शनिवारी बादली काढते तेवढंच घालते. दुसरा एक थेंब नाही."

नतालिया बराच वेळ नळीकडे बघत राहिली. मग उठली, पर्समधून तो नंबर काढला आणि चुरगाळून शेगडीजवळच्या डब्यात टाकला. मळलेल्या पिठाची परात बाबांच्या कोटात गुंडाळून ती सवयीनं कोपऱ्याकडे गेली, वाकली आणि फळ्यांवर तळहात टेकून बघितला.

"आई, इथे तर आता गार आहे. पीठ फुगायला दिवस लागेल."

"लागू दे," देओलिंदा हात धूत म्हणाली. "मी कुठे जातेय?"